नाव मोठे, पण काम कसे? – भूमिका-खेळ घडवणाऱ्या पाच स्टुडिओंचा तौलनिक अभ्यास



संगणकाच्या तासाला दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो: “सर, गेम बनवणारी सगळ्यात चांगली कंपनी कोणती?” मी उत्तर देण्याआधीच वर्गात तट पडतात. एक जण बेथेस्डाचे नाव घेतो, दुसरा सीडी प्रोजेक्टचे, मागच्या बाकावरून कोणी तरी लॅरियन म्हणून ओरडतो. वाद चांगला रंगतो, पण पुरावा मागितला की सगळ्यांची गाडी एकाच वाक्यापाशी येऊन थांबते: “सर, नाव आहे त्यांचे!”

हे ‘नाव’ म्हणजे नेमके काय? ते कसे मिळते, कसे जाते, आणि त्यावर आपण किती विसंबावे? आजच्या पाठात आपण हेच पाहणार आहोत. पालकांना व विश्वस्तांना हा विषय कदाचित पोरखेळ वाटेल. पण एका मोठ्या नव्या खेळाला आज तीन-चार हजार रुपये पडतात, आणि ते बहुधा घरातल्याच कोणाच्या तरी खिशातून जातात. शिवाय लौकिकाचा प्रश्न केवळ खेळांच्या कंपन्यांचा नसतो. तो प्रत्येक संस्थेचा असतो.

भूमिका-खेळ म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला रोल-प्लेइंग गेम किंवा थोडक्यात आर.पी.जी. म्हणतात, त्याला आपण येथे भूमिका-खेळ म्हणू. या प्रकाराचे मूळ संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होतो, आणि फाशांच्या आधाराने सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. संगणकावर सूत्रधाराचे काम यंत्राकडे आले, एवढाच फरक.

अशा खेळात तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात: पात्र हळूहळू घडत जाणे, खेळणाऱ्याने निवड करणे, आणि त्या निवडीचा परिणाम पुढे दिसणे. शंभर तासांच्या गोष्टीत खेळणाऱ्याने कोठे काय निवडले हे सांभाळायचे, तर हजारो संवाद लिहावे लागतात आणि प्रत्येक वाट तपासावी लागते. म्हणून हे खेळ बनायला वर्षे लागतात, आणि घाई केली की चुका हमखास राहतात. या क्षेत्रात लौकिकाची परीक्षा इतकी कडक का होते, त्याचे कारण येथे आहे.

तपासणीचे चार प्रश्न

कोणत्याही स्टुडिओकडे पाहताना आपण चार प्रश्न विचारू.

१. त्यांनी वचन काय दिले होते आणि हाती काय दिले?
२. पाटीवर नाव कोणाचे आहे आणि प्रत्यक्ष काम करणारी माणसे कोणती?
३. पैसा आणि वेळ यांचा निर्णय कोणाच्या हातात होता?
४. चूक झाल्यावर त्यांनी काय केले?

आता एकेक स्टुडिओ घेऊ. ‘बाल्डर्स गेट’ हे नाव मात्र लक्षात ठेवा. या पाठात ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

१) बायोवेअर, एडमंटन (कॅनडा)

१९९५ साली रे मुझिका, ग्रेग झेसचुक आणि ऑगस्टिन यिप या डॉक्टरांनी ही कंपनी सुरू केली. हे खरोखरीचे वैद्यकीय पदवीधर होते, आणि त्याआधी त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी सॉफ्टवेअर तयार केले होते. १९९८ च्या डिसेंबरात त्यांचा ‘बाल्डर्स गेट’ आला आणि २००० साली त्याचा दुसरा भाग. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम, सोबत चालणारे बोलके साथीदार आणि मोठी गोष्ट यांमुळे संगणकावरील भूमिका-खेळांना नवी उभारी मिळाली. पुढे ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३), ‘मास इफेक्ट’ (२००७) आणि ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (२००९) आले. या दहा-अकरा वर्षांत बायोवेअर म्हणजे उत्तम कथा, असे समीकरणच झाले.

२००७ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या प्रकाशकाने बायोवेअर विकत घेण्याचा करार केला. ‘ड्रॅगन एज’चा दुसरा भाग २०११ च्या मार्चमध्ये, म्हणजे पहिल्यानंतर दीड वर्षाच्या आत आला. त्याच त्या गुहा आणि तीच ती घरे पुन्हा पुन्हा वापरल्याची तक्रार झाली. २०१२ साली ‘मास इफेक्ट ३’चा शेवट खेळणाऱ्यांना इतका खटकला की जूनमध्ये कंपनीने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुझिका आणि झेसचुक दोघांनीही कंपनी सोडली.

२०१४ साली ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ने द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळवला. पण २०१७ चा ‘मास इफेक्ट: अँड्रोमिडा’ मुख्यतः मॉन्ट्रियलच्या वेगळ्या शाखेने केलेला होता, आणि त्यातील चेहऱ्यांच्या विचित्र हालचालींची जगभर थट्टा झाली. पाटी तीच होती, हात वेगळे होते. २०१९ मध्ये ‘अँथम’ आला. त्यानंतर पत्रकार जेसन श्रायर यांनी लिहिलेल्या वृत्तान्तात एक गोष्ट समोर आली. कंपनीच्या आत ‘बायोवेअरची जादू’ असा एक समज होता: काम कितीही विस्कळीत असो, शेवटच्या काही महिन्यांत सगळे आपोआप जुळून येते. आधी जुळले होते म्हणून! अँथमच्या वेळी जादू झाली नाही, आणि २०२१ मध्ये तो खेळ सुधारण्याचे कामही थांबवण्यात आले. २०२४ चा ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ अपेक्षेच्या निम्म्याच लोकांपर्यंत पोहोचल्याचे प्रकाशकाने २०२५ च्या जानेवारीत जाहीर केले.

बायोवेअरच्या कथेतून काय दिसते? बाहेरच्यांप्रमाणेच आतली माणसेही आपल्या लौकिकावर विसंबली. मागच्या वर्षी शेवटच्या आठवड्यात अभ्यास करून पास झालो, म्हणून यंदाही होऊ, असे म्हणणारे विद्यार्थी आपल्याला अनोळखी नाहीत.

२) ऑब्सिडियन, अर्व्हाइन (अमेरिका)

बाल्डर्स गेट प्रकाशित केला तो इंटरप्ले या अमेरिकन कंपनीने. तिच्याच ब्लॅक आइल नावाच्या विभागाने ‘फॉलआउट २’ (१९९८) आणि ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ (१९९९) हे खेळ केले. यांतला टॉर्मेंट बायोवेअरने बाल्डर्स गेटसाठी तयार केलेल्या यंत्रणेवरच उभा होता. इंटरप्ले आर्थिक अडचणीत आली आणि २००३ च्या डिसेंबरात ब्लॅक आइल बंद पडला. त्याच वर्षी तेथून बाहेर पडलेल्या फर्गस अर्कहार्ट, ख्रिस अव्हेलोन व इतर सहकाऱ्यांनी ऑब्सिडियन स्थापन केली. म्हणजे नाव बुडाले, पण कसब माणसांबरोबर नव्या घरी गेले.

ऑब्सिडियनचे पहिले मोठे काम म्हणजे बायोवेअरच्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’चा दुसरा भाग. तो २००४ च्या डिसेंबरात बाजारात आला, तेव्हा शेवटाकडचा बराच भाग कापलेला होता. लेखन उत्तम, पण खेळ अर्धवट! पुढे चाहत्यांनी स्वतः वर्षानुवर्षे खपून तो कापलेला भाग जोडून दाखवला. २०१० साली बेथेस्डासाठी त्यांनी ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ केला, तोही सुमारे दीड वर्षात. चुका भरपूर होत्या. तरी निवड आणि परिणाम यांच्या दृष्टीने तो आजही आदर्श मानला जातो.

या खेळाबाबतची एक गोष्ट गणिताच्या तासालाही सांगण्यासारखी आहे. मेटाक्रिटिक या संस्थेच्या सरासरीत ८५ गुण मिळाले तर स्टुडिओला जादा रक्कम मिळणार होती. गुण मिळाले ८४. हे अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. लौकिक आकड्यात मोजायचा ठरवला की एका गुणाने काय होते, ते पाहा.

त्याच २०१२ मध्ये एक मोठा प्रकल्प रद्द होऊन कर्मचारी कपातीची वेळ आली. मग त्यांनी थेट लोकांकडे हात पसरला. आपल्याकडे ग्रंथासाठी प्रकाशनपूर्व नोंदणी करून वाचकांकडून आधी पैसे घेतात, साधारण तसाच हा प्रकार. किकस्टार्टरवर सुमारे ७४ हजार लोकांनी मिळून जवळजवळ ४० लाख डॉलर दिले, आणि २०१५ च्या मार्चमध्ये ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ हा जुन्या बाल्डर्स गेटच्या धाटणीचा खेळ आला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑब्सिडियन विकत घेतली. २०१९ चा ‘द आउटर वर्ल्ड्स’ दिग्दर्शित केला टिम केन आणि लेनर्ड बॉयार्स्की यांनी, म्हणजे १९९७ चा पहिला ‘फॉलआउट’ घडवणाऱ्यांपैकीच दोघांनी. मधल्या काळात त्यांनी काढलेली ट्रॉइका ही कंपनी २००५ मध्ये बंद पडली होती. चांगल्या कारागिराचा माग काढायचा असेल तर पाटी सोडून श्रेयनामावली वाचावी, हे येथे चांगले कळते.

३) बेथेस्डा, मेरिलँड (अमेरिका)

ही या यादीतली सर्वांत जुनी कंपनी. १९८६ साली ख्रिस्तोफर वीव्हर यांनी ती बेथेस्डा गावी सुरू केली. पुढे ती जवळच्या रॉकव्हिल येथे गेली. ‘एल्डर स्क्रोल्स’ ही तिची मालिका: ‘अरीना’ (१९९४), ‘डॅगरफॉल’ (१९९६), ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (११ नोव्हेंबर २०११). बायोवेअरची ओळख गोष्टीमुळे, तर बेथेस्डाची मोकळ्या जगामुळे. समोर डोंगर दिसतो ना? मग तेथपर्यंत चालत जाता येते, हे त्यांचे वचन.

या कंपनीचा लौकिक दुहेरी आहे. एकीकडे प्रचंड, जिवंत जग; दुसरीकडे चुकांची रास. हवेत तरंगणारे घोडे आणि भिंतीत अडकलेली माणसे यांवर खेळणारे हसतात आणि पुढे जातात. का? एक महत्त्वाचे कारण म्हणजे मॉरोविंडपासून कंपनीने खेळ बदलण्याची साधनेच लोकांच्या हाती दिली. त्यामुळे हजारो हौशी लोक दुरुस्त्या करतात, नवे प्रदेश जोडतात. स्कायरिम आजही खेळला जातो, यात या लोकांचा वाटा मोठा आहे. कंपनीच्या नावात अशी बिनपगारी मेहनतही मिसळलेली असते, हे विसरू नये.

या विश्वासालाही तडे गेले. २००६ साली ऑब्लिव्हियनमधल्या घोड्याचे चिलखत दोन-अडीच डॉलरला वेगळे विकले, तेव्हा लोक चिडले. आज तशी विक्री सर्रास होते, पण त्या घोड्याचे उदाहरण अजून दिले जाते. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘फॉलआउट ७६’ आला, तेव्हा त्यात बोलणारी मानवी पात्रेच नव्हती. शिवाय २०० डॉलरच्या विशेष आवृत्तीबरोबर कॅनव्हासची पिशवी देण्याचे जाहीर झाले होते, आणि हाती आली नायलॉनची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पुढे कंपनीला त्या पिशव्या बदलून द्याव्या लागल्या. २०२० च्या एप्रिलमध्ये मानवी पात्रे घातली गेली आणि खेळ हळूहळू सावरला. दरम्यान २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची पालक कंपनी ७५० कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले आणि २०२१ च्या मार्चमध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. २०२३ च्या ‘स्टारफील्ड’बद्दल मात्र मते दुभंगली. मोकळे जग हजार ग्रहांवर पसरले, पण चालत जावेसे वाटणारा डोंगर हरवला, अशी बऱ्याच जणांची तक्रार होती.

४) सीडी प्रोजेक्ट, वॉर्सा (पोलंड)

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्या शाळेला या कंपनीची सुरुवात विशेष जवळची वाटावी. १९९४ साली मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की या तरुणांनी ती काढली. तेव्हा ते खेळ बनवत नव्हते, परदेशी खेळ आणून विकत होते. पोलंडच्या बाजारांत नकली सीड्यांचा सुळसुळाट होता. अस्सल खेळ महाग. तो कोण घेणार?

त्यांनी १९९९ साली एक धाडस केले. कोणत्या खेळाच्या बाबतीत? बाल्डर्स गेटच्या! त्या अफाट संवादांच्या खेळाचे त्यांनी संपूर्ण पोलिश रूपांतर केले, नामवंत पोलिश अभिनेत्यांचे आवाज घेतले, आणि खोक्यात नकाशा व इतर वस्तू घातल्या. नकली सीडी विकणाऱ्याला हे देता येण्यासारखे नव्हते. आपल्या भाषेत, आपल्या माणसांच्या आवाजात खेळायला मिळते म्हटल्यावर लोकांनी पूर्ण पैसे मोजले. भाषेचा मान राखणे हे भावनेचे काम तर आहेच, पण व्यवहारातही ते खरे ठरते, याचे हे नामी उदाहरण.

पुढे त्यांनी स्वतःचा खेळ करायचे ठरवले. पोलिश लेखक आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांवरचा ‘द विचर’ २००७ मध्ये आला, तो बायोवेअरकडून घेतलेल्या यंत्रणेवर. त्यात उणिवा होत्या. २००८ मध्ये त्यांनी सुधारलेली आवृत्ती आणली आणि ज्यांनी आधी खेळ घेतला होता त्यांना ती विनामूल्य दिली. २०१५ च्या मे महिन्यात ‘द विचर ३’ आला. त्याबरोबर लहान लहान १६ भर विनामूल्य मिळाल्या. घोड्याचे चिलखत विकणाऱ्या जगात हे उठून दिसले. सीडी प्रोजेक्ट म्हणजे ग्राहकाच्या बाजूची कंपनी, असा लौकिक झाला.

हा लौकिक त्यांनी एकदम पणाला लावला तो ‘सायबरपंक २०७७’साठी. २०१२ मध्ये जाहीर झालेला हा खेळ चार वेगवेगळ्या तारखा देऊन अखेर १० डिसेंबर २०२० ला आला. ८० लाख लोकांनी न पाहताच आगाऊ नोंदणी केली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! समीक्षकांना आधी केवळ संगणकावरची आवृत्ती दिली गेली. जुन्या प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर खेळ कसा चालतो, ते लोकांना घरी गेल्यावरच कळले. तेथे तो सतत बंद पडत होता. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत केले. पुढच्या जूनपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने, तो तेथे विक्रीला नव्हता. कामगारांवर सक्तीचे जादा काम लादणार नाही, असे २०१९ मध्ये सांगितले होते. २०२० च्या शेवटच्या आठवड्यांत तेही वचन मोडले.

आणि तरीही, केवळ २०२० सालात या खेळाच्या १ कोटी ३७ लाख प्रती खपल्या. हा आकडा नीट पाहा. तो त्या खेळाच्या गुणांचा आकडा नाही. बराचसा मागच्या खेळाच्या लौकिकाचा आहे. विचरने कमावलेल्या विश्वासावर सायबरपंक विकला गेला.

२०२१ च्या जानेवारीत इविन्स्की यांनी चित्रफितीतून माफी मागितली. त्यानंतर तीन वर्षे दुरुस्ती चालली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मूळ खेळाची मोठी सुधारित आवृत्ती व ‘फँटम लिबर्टी’ हा नवा भाग आला, तेव्हा टीकाकारांनीही कौतुक केले. चूक निस्तरली हे खरे. पण दुधाने तोंड भाजलेले लोक ताक फुंकून पितात, हेही खरे.

५) लॅरियन, गेंट (बेल्जियम)

स्वेन व्हिंके यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा स्टुडिओ बरीच वर्षे दुसऱ्या फळीतला मानला जाई. २००२ च्या त्यांच्या खेळाचे ‘डिव्हाइन डिव्हिनिटी’ हे अडखळायला लावणारे नावसुद्धा प्रकाशकाने ठेवले होते. २००९ चा ‘डिव्हिनिटी २’ पुरता भाजण्याआधीच चुलीवरून उतरला. पुढच्या वर्षी त्यांनी तो सुधारून पुन्हा काढला.

या अनुभवातून व्हिंके यांनी एक निर्णय घेतला: प्रकाशकावर अवलंबून राहायचे नाही. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर ९ लाख ४४ हजार डॉलर जमवून त्यांनी ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’ पूर्ण केला, आणि तो २०१४ मध्ये आला. २०१७ चा दुसरा भाग आणखी सरस ठरला. मग त्यांच्याकडे आला तो ‘बाल्डर्स गेट ३’! एडमंटनमध्ये जन्मलेला, वॉर्साच्या कंपनीला पायावर उभा करणारा खेळ आता गेंटला पोहोचला.

लॅरियनने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा सुरुवातीचा भाग अपूर्ण असल्याचे स्पष्ट सांगूनच विक्रीला ठेवला. जवळजवळ तीन वर्षे खेळणाऱ्यांच्या सूचना ऐकून बदल केले. पूर्ण खेळ ३ ऑगस्ट २०२३ रोजी आला आणि डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्सचा सर्वोत्तम खेळाचा मान त्यालाच मिळाला. तो निर्दोष होता का? नाही. शेवटच्या अंकात चुका बऱ्याच होत्या आणि दुरुस्त्या पुढे २०२५ पर्यंत येत राहिल्या.

मित्रहो, सायबरपंक आणि बाल्डर्स गेट ३ यांची येथे तुलना करा. दोन्ही खेळ चुकांसह बाहेर आले. फरक हा की एकाने अपूर्णपण झाकले, दुसऱ्याने ते आधीच सांगितले. वेळ वाढवण्याचा निर्णयही लॅरियनमध्ये व्हिंके यांच्याच हातात होता. २०२४ मध्ये त्यांनी चौथा भाग करणार नसल्याचे जाहीर केले. चालत्या नावाचा मोह टाळायलाही हिंमत लागते.

तुलनेतून काय निघाले?

आपल्या चार प्रश्नांकडे परत येऊ.

वचनाबद्दल: लोक चुका माफ करतात, फसवणूक सहसा करत नाहीत. न्यू व्हेगासच्या चुका विसरल्या गेल्या. नायलॉनची पिशवी विसरली गेली नाही.

माणसांबद्दल: लौकिक पाटीवर राहतो, कसब माणसांत असते. ब्लॅक आइल गेला, पण त्याचे गुण ऑब्सिडियनमध्ये उतरले. बायोवेअर उरला, पण त्याचे संस्थापक गेले.

पैसा आणि वेळ यांबद्दल: बरेचसे अपयश कौशल्याच्या अभावाने आले नाही, घाईने आले. पी हळद आणि हो गोरी, असे कोणत्याच कारागिरीत होत नाही.

दुरुस्तीबद्दल: चूक निस्तरता येते, पण त्याला चूक करण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

या साऱ्यातून एकच गोष्ट मनावर ठसते. लौकिक म्हणजे कालच्या कामाची पावती. ती उद्याच्या कामाची हमी नव्हे. याची उलट बाजूही आहे. फ्रान्समधील माँपेलिये येथील सँडफॉल या २०२० मध्ये स्थापन झालेल्या स्टुडिओला काहीच नाव नव्हते. मूळ चमू सुमारे तीस जणांचा, मदतीला बाहेरची काही मंडळी. त्यांचा पहिलाच खेळ, ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३’, एप्रिल २०२५ मध्ये आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ ठरला. केवळ नाव पाहून निवडणाऱ्याला असा खेळ सापडला नसता.

पालकांसाठी दोन शब्द

वरीलपैकी अनेक खेळ लहान मुलांसाठी नाहीत. ‘द विचर ३’, ‘सायबरपंक २०७७’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ यांना युरोपातील पेगी या वयोगट ठरवणाऱ्या व्यवस्थेने १८ वर्षे ही मर्यादा दिली आहे. खोक्यावरचा किंवा विक्रीच्या पानावरचा हा आकडा अवश्य पाहावा. “सगळे खेळतात” हे उत्तर पुरेसे समजू नये. तसेच मुलाने आगाऊ नोंदणीचा हट्ट धरला तर सरळ नकार देण्याऐवजी त्याला वरचे चार प्रश्न विचारावेत आणि खेळ आल्यानंतर दोन आठवडे थांबण्यास सांगावे. संगणकावर उतरवून घ्यायच्या खेळाच्या प्रती संपत नसतात. थांबणाऱ्याचे नुकसान काहीच होत नाही. उलट किंमत बहुधा उतरते आणि खेळ सुधारतो.

विश्वस्त मंडळींना वेगळे काय सांगावे? आपल्या शाळेचेही गावात नाव आहे, आणि ते आपल्या आधीच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी कमावलेले आहे. त्याची पावती आपण सारे आज वापरतो आहोत.

स्वाध्याय

१. बाल्डर्स गेट या खेळाचा एडमंटन, वॉर्सा आणि गेंट या तीन शहरांशी असलेला संबंध सहा-सात ओळींत लिहा.

२. ‘बायोवेअरची जादू’ हा समज घातक का ठरला? तुमच्या स्वतःच्या अभ्यासातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. सुमारे ७४ हजार लोकांनी जवळजवळ ४० लाख डॉलर दिले, तर सरासरी प्रत्येकी किती डॉलर होतात? सरासरीवरून प्रत्येकाने तेवढेच दिले असे म्हणता येईल का?

४. एखाद्या परदेशी खेळाचे मराठी रूपांतर करायचे ठरले, तर ‘क्वेस्ट’, ‘लेव्हल’ आणि ‘इन्व्हेंटरी’ या शब्दांसाठी तुम्ही काय सुचवाल? घरात आजी-आजोबांना विचारून पाहा.

५. तुमच्या घरात नावावर विश्वास ठेवून घेतली जाणारी एखादी वस्तू निवडा. तिला पाठातील चार प्रश्न लावा आणि मिळालेली उत्तरे वर्गात वाचून दाखवा.